चवडे आत, टाच हळू

माझ्या टाचेची बाहेरची कड आतल्या कडेपेक्षा चार मिलिमीटर अधिक झिजलेली आहे. सपाट फरशीवर मला एकट्याला ठेवले, तर मी किंचित बाहेरच्या अंगाला कलतो. शेजारच्या घरातले बोलणे ऐकू यावे म्हणून कोणी मान झुकवावी तसा. चार मिलिमीटर म्हणजे फार नव्हे. दोन नाणी एकावर एक ठेवा, साधारण तेवढेच. पण मित्रांनो, एका माणसाचा गुडघा, एका पथकाची चाल आणि एका कंपनीची अख्खी सकाळ बिघडायला तेवढे पुरले.

मी एक जुना डावा बूट आहे. 'डावा' हे मी मुद्दाम सांगतो. बुटांबद्दल लोक नेहमी जोडीने बोलतात, जणू दोघांचे आयुष्य एकच असते. तसे नसते. सध्या आम्ही दोघेही विश्रांतवाडीतल्या एका माळ्यावर पोटात वर्तमानपत्राचे गोळे घेऊन बसलो आहोत, पण उजवा अजून नवा दिसतो आणि मी त्याचा काका.

माझा जन्म पुण्याच्या लष्कर भागात रहीमचाचांच्या दुकानात झाला. जाड काळे कातडे, तिहेरी तळ, तळाला खिळे आणि टाचेला लोखंडी नाल. मला न्यायला बापूराव आले. ते मूळचे अकोल्याकडचे. त्यांची पलटण तेव्हा पुण्यात होती आणि पलटणीत ते कवायतीचे उस्ताद होते. म्हणजे नव्या जवानांना उभे राहायला, चालायला आणि थांबायला शिकवणारे. या तिन्ही गोष्टी त्या जवानांना घरी येत असत, पण पलटणीच्या मते चुकीच्या येत असत.

"घ्या, मुलाच्या लग्नातसुद्धा हेच घालाल," रहीमचाचा मला त्यांच्या हातात देत म्हणाले.

"मला मुलगा नाही, चाचा."

"मग जावयाला द्या. पण आधी त्याच्या पायाचं माप बघून मुलगी द्या."

कवायतीतली एक गोष्ट तुम्हाला सांगितली पाहिजे, नाहीतर पुढचे कळणार नाही. 'सावधान' म्हटले की डावा पाय गुडघ्यात वर उचलायचा आणि उजव्याच्या शेजारी जोरात आपटायचा. 'विश्राम' म्हटले की तोच डावा पाय पुन्हा उचलायचा आणि बाजूला आपटायचा. म्हणजे जागे व्हायलाही मीच आपटणार आणि विसावा घ्यायलाही मीच. या सगळ्या काळात उजवा काय करतो? तो उभा असतो. "माझ्यामुळे तोल राहतो," असे तो म्हणतो. मोठ्या कार्यालयांतही असे बरेच जण असतात, असे पुढे माझ्या लक्षात आले.

तरीही ती वर्षे सुखाची होती. पलटणीचे मैदान मुरमाचे होते. मी आपटलो की मुरूम थोडा दबे, थोडी धूळ उडे आणि धक्का जमिनीत मुरून जाई. संध्याकाळी बापूराव ओल्या कापसाने मला इतके चमकवत की माझ्या नाकावर त्यांना स्वतःच्या मिशा दिसत. ते आरशाकडे जातच नसत. माझ्यात बघूनच मिशा कापत.

मग ते निवृत्त झाले.

त्याच सुमारास पुण्यात काचेच्या इमारती उगवू लागल्या होत्या. येरवड्याच्या पुढे अशीच एक इमारत उभी राहिली. तिच्यात संगणकाच्या आज्ञावली लिहिणारी एक कंपनी आली, आणि तिच्या फाटकावर पहारा देण्याचे काम रावसाहेबांना मिळाले. रावसाहेब म्हणजे सैन्यातून निवृत्त झालेले कॅप्टन. त्यांनी पहारेकरी पुरवण्याची संस्था काढली होती. इतर संस्था पहारेकऱ्याला शिट्टी आणि बॅटरी देत. रावसाहेबांनी पाय आपटणे दिले.

"दिसतो तो नमस्कार, बापूराव. ऐकू येतो तो सलाम," ते म्हणत. "आपला सलाम तळघरातल्या पार्किंगपासून वरच्या मजल्यापर्यंत ऐकू गेला पाहिजे. गिऱ्हाईक त्यालाच भुलतं."

"जी साहेब," बापूराव म्हणाले. त्यांना मुख्य पहारेकरी नेमले होते.

पहिल्यांदा सलाम फक्त संचालकांच्या गाडीला होता. सकाळी एक, संध्याकाळी एक. मी म्हटले, हे तर निवृत्तिवेतन झाले! पण मग रावसाहेबांना वाटले, गाडी म्हटली की सलाम हवा. आत कोण आहे हे बघत बसायला वेळ नसतो. तेव्हा इंजिनिअर मुले बहुतेक स्कूटरवर येत, त्यामुळे हेही निभावले. पुढे बँका बोलावून बोलावून कर्ज देऊ लागल्या. स्कूटरच्या मोटारी झाल्या. कालपर्यंत फाटकातून 'काका, ओळखपत्र घरी राहिलंय' असे म्हणत निसटणारी मुले आज काच खाली करून सलाम घेऊ लागली. उदारीकरणाबद्दल मोठी माणसे बरेच काही लिहितात. माझ्यापुरते सांगायचे, तर ते टाचेतून आत आले.

शिवाय इथे मुरूम नव्हता, काँक्रीट होते. काँक्रीट दबत नाही. माझी नालही दबत नाही. आता मित्रांनो, दोन न दबणाऱ्या वस्तू एकमेकींवर आपटल्या, तर धक्का नाहीसा होत नाही. तो वर जातो आणि जो कोणी दबेल त्याला शोधतो.

माझ्या वरच्या मजल्यावर घोटा राहतो, त्याच्या वर पोटरी आणि तिच्या वर गुडघा. सोसायट्यांमध्ये सहसा वरचे लोक आपटतात आणि खालचे तक्रार करतात. आमच्याकडे उलटे होते. खालून मी आपटायचो आणि वरून गुडघा कुरकुरायचा. आधी जिन्यावर, मग सपाटीवर, मग नुसते बसल्या जागी.

बापूरावांनी हे कोणाला सांगितले नाही. त्यांची पत्नी सत्यशीलाबाई यांना सांगावे लागले नाही.

"काहून लंगडून राहिले?" त्या दारातच विचारत.

"लंगडत नाही. बूट काढायला वाकतोय."

"बूट तर पायातच हायेत. गल्लीच्या तोंडापासून वाकून राहिले का?"

बापूरावांना उपाय ठाऊक होता. रावसाहेबांना सांगायचे, की साहेब, हे पाय आपटणे बंद करू या. रात्री मला चमकवताना ते हे भाषण मलाच म्हणून दाखवत. "साहेब, एक विनंती आहे," इथून सुरुवात होई. भाषण चांगले होते. मी पाठ केले होते. पण रावसाहेब समोर आले, की "साहेब, एक विनंती आहे" इथपर्यंत गाडी नीट येई आणि पुढे "चहा घेणार का?" या वळणाला लागे. रावसाहेब चहा घेत. मग बापूराव स्वतःशी ठरवत, की दिवाळी होऊ दे. दिवाळी झाली की म्हणत, कंपनीचा करार नवा होऊ दे. करार झाल्यावर म्हणत, आत्ताच तर करार झालाय.

या इमारतीत सलामाला वैतागलेले आणखी एक माणूस होते. श्यामलाबाई. त्या कंपनीचा कारभार बघत, कर्वेनगरहून येत आणि त्यांची खोली बरोबर फाटकाच्या वर होती.

"अहो बापूराव," एकदा त्या खाली येऊन म्हणाल्या, "आपण माझा मान राखता, तेव्हा माझा चहा बशीत येतो. थोडा अपमान केलात तरी चालेल."

"ड्यूटी आहे, मॅडम."

"चहाची पण असते."

याच श्यामलाबाईंनी एकदा कर्मचाऱ्यांसाठी चालण्याची तपासणी ठेवली. तपासायला पूर्णिमा नावाची एक तरुण प्राध्यापिका आली. ती शरीराच्या हालचालींचा अभ्यास करीत असे. चाल बदलून सांध्यांवरचा भार कमी करता येतो का, हा तिचा विषय. तळमजल्याच्या लांब बोळात तिने कॅमेरा मांडला, जमिनीवर खडूची सरळ रेघ ओढली आणि वाट बघत बसली. कोणी आले नाही. अमेरिकेला काहीतरी पाठवायचे होते आणि सगळी मुले खुर्च्यांना चिकटली होती.

दुपारी श्यामलाबाई आल्या. "मॅडम, आमची मुलं खुर्चीवरून उठत नाहीत, तेव्हा त्यांची चाल काही आपल्याला दिसणार नाही. चालणारी माणसं फाटकावर आहेत. ती पाठवू?"

अशा रीतीने मी विज्ञानाच्या हाती लागलो.

पूर्णिमेने सर्वांत आधी मला काढायला लावले आणि उलटे केले. आजवर सगळ्यांनी माझे नाक पाहिले होते. तळ पाहणारी ती पहिलीच. तिने टाचेच्या दोन्ही कडांना जाडी मोजायचा व्हर्निअर लावला आणि आकडा लिहिला. मग बापूरावांच्या पायांवर पांढऱ्या टिकल्या चिकटवून त्यांना रेघेवरून चालायला सांगितले.

बापूराव तीन पावले चालले आणि थांबताना सवयीने मला आपटले. कॅमेरा तिकाटण्यावरून घसरला.

"डावा गुडघा कधीपासून दुखतो?" पूर्णिमेने कॅमेरा उचलत विचारले.

"दुखत नाही."

"मी दुखतो का असं नाही विचारलं. कधीपासून, असं विचारलंय."

बापूरावांनी गुडघ्यावरची एक टिकली चाचपली. मग हळूच म्हणाले, "बराच काळ झाला."

तिने त्यांना समजावले. त्यांचे पाय गुडघ्यांपाशी थोडे बाहेर वाकलेले होते. त्यामुळे प्रत्येक पावलाला भार गुडघ्याच्या आतल्या बाजूवर अधिक येत होता. चवडा, म्हणजे पावलाचा पुढचा भाग, किंचित आत वळवून टाकला, पाऊल जरा आखूड घेतले आणि टाच आपटण्याऐवजी टेकवली, तर तो भार थोडा सरकेल.

"सरकेल म्हणजे जाईल?"

"जाणार नाही. वाटला जाईल. आणि लगेच नाही; सवय लागायला काही आठवडे जातील. पण ते दर गाडीला पाय आपटणं आधी बंद करा. नाहीतर एका हातानं मलम आणि दुसऱ्या हातानं चापट, असं होईल."

"ते बंद करता येणार नाही. सलाम आहे तो."

"सलाम हातानं होतो ना?"

"हात सिव्हिलियनलापण असतो, मॅडम," बापूराव म्हणाले.

पूर्णिमेने वहीत 'सलाम' असे लिहून पुढे प्रश्नचिन्ह काढले.

बापूरावांनी तिचे अर्धे ऐकले. पण जे ऐकले, ते सैनिकासारखे ऐकले. घरापुढच्या पडवीत सत्यशीलाबाईंनी रांगोळीची एक लांब रेघ घालून दिली आणि रोज सकाळी ते तिच्यावरून जाऊ-येऊ लागले. चवडा आत. पाऊल आखूड. टाच हळू.

"नव्या नवरीवानी चालून राहिले," सत्यशीलाबाई उंबऱ्यात बसून म्हणाल्या. "माप ठेवू का ओलांडाले?"

"शास्त्र आहे हे."

"तर तर! लग्नात मी अशी चालली, तर तुमची माय म्हणे, पोरीचे पाय पाहून घ्या."

मलाही ते आधी विचित्र वाटले. ज्या टाचेने आयुष्यभर जमिनीला दरडावले, तिने आता जमिनीला विचारून उतरायचे! पण काही आठवड्यांनी एक दिवस बापूराव कठड्याला हात न लावता जिना चढले. वर पोचल्यावर त्यांच्या ते लक्षात आले. ते पुन्हा खाली गेले आणि पुन्हा चढले. उगाचच.

आणि इथेच, मित्रांनो, ती चूक झाली. फक्त उस्तादच करू शकेल अशी ती चूक होती. तुम्हाला-मला एखादे औषध लागू पडले, तर आपण ते शेजाऱ्याला सांगतो. उस्तादाला लागू पडले, तर तो त्याची कवायत घेतो. कारण पलटणीत जे एकासाठी चांगले, ते सर्वांसाठी चांगले असते; टोपी एकसारखी, केस एकसारखे, मग चवडे वेगळे का?

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे पहारेकरी कंपनीच्या आवारातल्या कारंज्यापुढे रांगेत उभे होते आणि बापूराव आवाज देत होते, "पथक! चवडे आऽऽत! टाच हळू! धीरेऽऽ चल!"

धिप्पाड मिशाळ माणसांची ती रांग पारव्यांसारखी, चवडे आत वळवून, आखूड पावले टाकत कारंज्याभोवती फिरू लागली. कोणाचाही आवाज येत नव्हता. एवढ्या शांततेत ती फेरी पूर्ण झाली. मग बापूराव ओरडले, "थम!" आणि सगळ्यांनी धाडकन पाय आपटले. तेवढे मात्र त्यांनी राहू दिले होते.

काचेच्या भिंतींना आतून माणसे चिकटली.

"अरे, सिक्युरिटी हँग झालीय का?" वाहनतळावरून येणारा एक मुलगा म्हणाला.

"स्लो मोशन आहे रे. नवीन पॉलिसी असेल."

"पॉलिसी नाही, स्ट्राइक आहे. सायलेंट स्ट्राइक. चेहरे बघ ना, किती सीरियस आहेत."

हे वाक्य लिफ्टने वर गेले. प्रत्येक मजल्यावर त्यात थोडी भर पडत गेली आणि संचालकांच्या मजल्यावर ते पोचले, तेव्हा पहारेकऱ्यांनी मूक आंदोलन सुरू करून कारंजे ताब्यात घेतले होते. थोड्याच वेळात श्यामलाबाई खाली आल्या.

"बापूराव, आपल्या मागण्या काय आहेत?"

"कोणाच्या?"

"आपल्या सर्वांच्या. वर बैठक बसली आहे. त्यांना मागण्या हव्या आहेत."

"मागण्या नाहीत, मॅडम. आम्ही चालतोय."

"असं चालतात?"

"असंच चालावं, असं शास्त्र सांगतं."

श्यामलाबाईंनी पथकाकडे एकदा नीट पाहिले. "शास्त्रानं यांना बघितलंय का?"

"मला बघितलंय."

"अहो, मग शास्त्र तुमच्यापुरतं ठेवा की! आता मी वर काय सांगू? मागण्या नाहीत म्हटलं, तर ते जास्त घाबरतील."

त्या काय म्हणाल्या ते मला ठाऊक नाही. दुपारी फाटकावरच्या चौकीत कोणीही न मागितलेला एक पंखा बसला.

पंख्याखाली सगळे खूश होते, एक कामरान सोडून. कामरान येरवड्याचाच. त्यांचे कुटुंब पिढ्यान्‌पिढ्या पुण्यातले, वडिलांचे सायकलींचे दुकान होते ते चालेनासे झाले, आणि घरात कमावणारा आता हा एकटा. पथकातला सर्वांत उंच पहारेकरी तोच. चौकीच्या कोपऱ्यात आम्हा बुटांची गाठ पडे, म्हणून मला माहीत होते, की त्याच्या डाव्या बुटाची टाच अगदी सपाट झिजते, तळहातासारखी. तो बूट कधी कुणीकडे कलत नसे. गेले काही दिवस मात्र त्याच्या आतल्या कडेवर नवी खरचट दिसत होती.

एका सकाळी बापूरावांनी कामरानला फाटकाच्या दांड्याला टेकून उभा असलेला पाहिले.

"काय झालं रे?"

"काही नाही, उस्ताद."

"हे 'काही नाही' कधीपासून आहे?"

कामरानने मान खाली घातली. "चवडे आत केल्यापासून."

"मग बोलला का नाहीस?"

"तुमचा त्रास कमी झाला ना. मला वाटलं, माझा आधी वाढणार, मग कमी होणार."

विजारीवरूनही डाव्या गुडघ्याची सूज दिसत होती.  माझ्या आत बापूरावांच्या पायाची बोटे आखडली, ती बराच वेळ सुटली नाहीत.

त्याच दुपारी ते कामरानला रिक्षाने पूर्णिमेच्या प्रयोगशाळेत घेऊन गेले. तिने सगळे ऐकून घेतले. कारंज्याचा भाग आला, तेव्हा तिने खिडकीकडे तोंड करून थोडा वेळ खोकल्यासारखे केले. मग कामरानचा गुडघा तपासला आणि तिचा चेहरा सरळ झाला.

"बापूराव, हा चष्म्याचा नंबर आहे. आपला नंबर आपल्या डोळ्यांचा. आपण आपला चष्मा सगळ्या पथकाला लावलात. याचे पाय सरळच होते. चवडे आत वळवून आपण त्याच्या गुडघ्याला नसलेला पीळ दिलात."

"माझी चूक आहे," बापूराव म्हणाले.

"चालण्याची चूक दुरुस्त होईल. यानं पाऊल सरळ टाकावं, फक्त आखूड आणि हळू. बाकीच्यांना एकेक करून पाठवा, प्रत्येकाची चाल वेगळी बघते. पण याला आता पाय आपटायला लावू नका. एकदासुद्धा. सूज असताना काँक्रीटवर आपटला, तर आत इजा होऊ शकते. कदाचित कायमची. मी भीती घालत नाही, सांगून ठेवते."

नेमका त्याच आठवड्यात रावसाहेबांचा निरोप आला. शेजारी आणखी एक कंपनी येणार होती. तिचे अधिकारी आमच्या पथकाची परेड बघून करार करायचा का ते ठरवणार होते. रावसाहेब स्वतः चौकीत येऊन पंख्याखाली बसले.

"बापूराव, सोमवारी सकाळी. काच हलली पाहिजे."

"साहेब, एक विनंती आहे," बापूराव म्हणाले.

मी श्वास रोखला. बुटाला जेवढा रोखता येतो तेवढा.

"बोला."

"कामरानचा गुडघा सुजलाय. त्याला परेडमधून वगळलं तर..."

"सर्वांत उंच माणूस वगळू? जो आपटणार नाही, तो परेडला नाही. परेडला नाही, तो फाटकावर नाही. मग त्यानं दुसरीकडे काम बघावं. आज एक वगळला, तर उद्या सगळ्यांचे गुडघे सुजतील. आणखी काही?"

बापूरावांच्या गुडघ्याने वरून एक कळ पाठवली. ती माझ्यापर्यंत पोचली.

"चहा घेणार का, साहेब?" बापूराव म्हणाले.

कामरानने हे दाराबाहेरून ऐकले होते. रावसाहेब गेल्यावर तोच आत आला. "उस्ताद, टेन्शन नका घेऊ. एकदाच तर आपटायचंय. दात चावून आपटतो. नोकरी गेली तर घरी काय सांगू?"

"आणि गुडघा गेला तर?"

"गुडघे दोन आहेत, उस्ताद. नोकरी एकच आहे."

त्या रात्री घरी बापूरावांनी मला चमकवायला घेतले, पण भाषण म्हटले नाही. सत्यशीलाबाई शेजारी येऊन बसल्या. झालेले सगळे त्यांनी ऐकून घेतले.

"त्या पोराले तुमच्या सांगण्यावरून दुखून राहिलं," त्या म्हणाल्या. "आता न सांगण्यावरून दुखवू नका."

मित्रांनो, मी एक बूट आहे. मला दुखत नाही. मला फक्त झीज होते, आणि झीज लपवता येत नाही. कोणीही उलटे करून पाहावे. माणसाची झीज मात्र आत होते आणि माणूस वरून पॉलिश करतो. म्हणून एवढी विनंती करतो. अधूनमधून आपली पादत्राणे उलटी करून बघत जा. कुठली कड झिजली आहे, ते तुमची चाल तुम्हाला न विचारता लिहून ठेवत असते. आणि तुमच्यासाठी दिवसभर उभा राहणारा, चालणारा, वाकणारा जो कोणी असेल, तो तुम्हाला मान देतो तेव्हा त्याचा आवाज किती मोठा आला याच्याकडे बघू नका. तो आवाज कुठून निघाला, ते बघा.

सोमवारची सकाळ उजाडली. फाटकापुढे पथक पाय फाकवून विश्राममध्ये उभे होते. डाव्या टोकाला कामरान, एकट्या उजव्या पायावर जवळजवळ सगळा भार टाकून. पाहुणे खुर्च्यांवर बसले होते. श्यामलाबाई त्यांच्या मागे उभ्या होत्या. रावसाहेबांनी छडी काखेत धरली आणि मान हलवली.

"सुरू करा, बापूराव."

बापूरावांनी छाती भरून घेतली. माझ्या आत बोटे आखडली.

"पथऽऽक!"

पाठी ताठ झाल्या.

"साऽऽव..."

खरे तर 'धान' ऐकू आल्यावर पाय उचलायचा असतो. पण पाहुण्यांपुढे सगळे घाईला आले होते. 'साव'लाच सगळ्यांचे डावे गुडघे वर गेले. कामरानचाही. त्याचे डोळे मिटलेले होते आणि जबडा घट्ट आवळलेला होता.

'धान' आलेच नाही.

पथक एका पायावर उभे राहिले, तळ्याकाठच्या बगळ्यांसारखे. कोणी डुलले, कोणी शेजाऱ्याचा पट्टा धरला. एका पाहुण्याने रावसाहेबांना हळूच विचारले, "हा योगासनांचा भाग आहे का?"

"बापूराव!" रावसाहेब दबक्या आवाजात म्हणाले.

बापूराव पथकाकडे बघत होते. मग त्यांच्या तोंडून जे निघाले, त्यात उस्तादाचा आवाज नव्हता. घरी कोणाला सांगावे तसे ते म्हणाले, "पाय खाली घ्या. हळू. कामरान, तू सगळ्यांत हळू."

पाय खाली आले. काँक्रीटला कळलेसुद्धा नाही.

मग ते मागे वळले. मागे वळण्याचीही एक कवायत असते आणि तिच्या शेवटीही पाय आपटावा लागतो. त्यांनी ती केली नाही. भाजीवाल्याने हाक मारल्यावर माणूस वळतो तसे ते वळले, चवडा किंचित आत, टाच हळू, आणि रावसाहेबांच्या समोर जाऊन उभे राहिले.

"काय झालं? आवाज बसला?" रावसाहेबांनी विचारले.

"नाही, साहेब. आवाज ठीक आहे."

पाहुणे ऐकत होते. श्यामलाबाई ऐकत होत्या. मागे अख्खे पथक ऐकत होते. बापूरावांची बोटे माझ्या आत एकेक करून सुटली.

"रावसाहेब," ते म्हणाले, आणि हे शेवटच्या माणसापर्यंत ऐकू गेले, "आजपासून माझी माणसं पाय आपटणार नाहीत. मीही नाही."